स्केल चेंजर पेटी घ्यावी का? दोन पेटीवाल्यांची दोन मतं

दादरला वाद्यांच्या दुकानात जाऊन ‘जरा बरी पेटी (हार्मोनियम) दाखवा’ म्हटलं की हल्ली पुढ्यात येते ती साधारण एकाच घडणीची. ४२ पट्ट्या, म्हणजे साडेतीन सप्तकं. रीड्सच्या, म्हणजे हवेनं थरथरून स्वर देणाऱ्या पितळी जिभांच्या, दोन ओळी: खर्ज (खालच्या सप्तकाची) आणि नर (मधल्या सप्तकाची). कपलर (एका पट्टीबरोबर सप्तकाच्या अंतरावरची दुसरीही दाबणारी सोय), नऊ स्केलचा चेंजर (सा नऊ जागांवर हलवण्याची सोय), आणि पट्ट्यांचा भाग खाली बसवून सूटकेससारखी बंद होणारी बांधणी. वजन १२ ते १५ किलोच्या घरात. किंमत त्याच लाकडाच्या, त्याच रीड्सच्या साध्या पेटीपेक्षा दीडपट तरी. ही पेटी कुणी घ्यावी यावर आम्हा दोघांचं एकमत नाही, म्हणूनच हे परीक्षण दोघांनी मिळून लिहिलं आहे.

मतभेद कुठून येतो ते आधी सांगायला हवं. एक जण नाट्यसंगीत आणि भजनाच्या साथीतला. गोविंदराव पटवर्धन आणि तुळशीदास बोरकर हे पेटीवादक ऐकून कान तयार झालेला. पदातल्या मोकळ्या जागा पेटीनं भराव्यात, गाणाऱ्याच्या पाठीशी भरीव आवाज उभा राहावा, अशी त्याची अपेक्षा. जुन्या संगीत नाटकांतला ऑर्गन हा त्याचा आदर्श, त्यामुळे खर्जाची ओळ नसलेली पेटी त्याला पोकळ वाटते. दुसरा ख्यालाच्या साथीतला आणि आप्पा जळगावकरांचा भक्त. पेटी गवयाच्या अर्धं पाऊल मागे चालावी, भाता हलका असावा, स्वर बोट उचलताक्षणी थांबावा. बहुतेक वेळ त्याला नराची एकच ओळ पुरते. सोलो, म्हणजे एकट्या पेटीचं वादन, ऐकायचा म्हटलं की मात्र दोघेही पी. मधुकरांपाशी येऊन थांबतात.

आता यंत्राकडे. साध्या पेटीत पट्टी दाबली की तिला जोडलेली झडप थेट उघडते आणि हवा रीडमधून जाते. स्केल चेंजरमध्ये पट्ट्यांची सगळी चौकट रीडबोर्डावर, म्हणजे रीड्स बसवलेल्या फळीवर, डावी-उजवीकडे सरकून ठरावीक खाचांवर बसते. म्हणजे पट्टी आणि झडप यांचा कायमचा संबंध तुटतो आणि मध्ये एक जादा सांधा येतो. फायदा उघड आहे: बोटं सवयीच्या पट्ट्यांवरच राहतात, सा मात्र हवा तिथे नेता येतो. बहुतेक तक्रारीही याच सांध्यातून निघतात. तिथे जरा खेळ राहिला तर पट्टी दाबताना ‘टक’ आवाज येतो, आणि मायक्रोफोन पेटीजवळ लावला की तो सभागृहभर ऐकू जातो. खाच नीट बसली नाही तर पट्टी झडपेवर अर्धीच टेकते. स्वर दबका येतो, क्वचित शेजारचा स्वर आत फुसफुसतो.

म्हणून दुकानात फक्त मधल्या स्केलला वाजवून पाहू नका. नऊच्या नऊ खाचांवर नेऊन प्रत्येक ठिकाणी मधल्या सप्तकातल्या बारा पट्ट्या एकेक करून, सावकाश, एकाच ओळीवर दाबा. दहा मिनिटं जातात, विक्रेता कंटाळतो, कंटाळू द्या. टोकाच्या खाचांवर अगदी कडेच्या दोन-तीन पट्ट्या मुक्या होतात का तेही बघा. काही कारागीर तिथे जादा रीड्स बसवतात, काही बसवत नाहीत. ज्याला तारसप्तकाच्या पंचमापर्यंत जायचं असतं त्याला हा फरक ऐन मैफलीत कळतो. सरकवताना कळ पूर्ण उचलून चौकट मोकळी करायची आणि मगच ढकलायची. तशीच ओढली की झडपांवरचं चामडं-नमदा (लोकरी जाड कापड) घासला जातो, आणि वर्षभरात न दाबताच वाजत राहणारे स्वर सुरू होतात.

गळतीची परीक्षा सोपी आहे. मेट्रोनोम (ताल मोजणारं यंत्र) ६० ला, म्हणजे सेकंदाला एक मात्रा असा, लावा, एकच नर ओळ उघडी ठेवा, भाता पूर्ण भरा आणि मध्य सा दाबून धरा. पुन्हा भाता न मारता स्वर किती मात्रा टिकतो ते मोजा. दहाच्या आत पडला तर आम्ही ती पेटी बाजूला ठेवतो. मग सगळे स्टॉप (रीड्सकडे हवा सोडणाऱ्या खुंट्या) बंद करून भाता मारून बघा. हाताला घट्ट अडथळा जाणवायला हवा. हात सहज आत जात असेल तर हवा कुठून तरी निसटते आहे, बहुधा भात्याच्या कोपऱ्यातल्या चामड्यातून किंवा रीडबोर्डाच्या कडेनं. चेंजर पेटीत सांधे जास्त, त्यामुळे साध्या पेटीपेक्षा एखाद-दोन मात्रा कमी मिळतील. तेवढं चालवून घ्यायचं.

रीड्सबद्दल दुकानात सर्वांत जास्त गप्पा ऐकायला मिळतात. ‘जर्मन’, ‘पॅरिस’, ‘पालिताणा’ ही तीन नावं हमखास येतात. पालिताणा हे सौराष्ट्रातलं गाव, तिथल्या हातकामाच्या रीड्स नावाजलेल्या. जर्मन म्हणून मिळतात त्यांपैकी खऱ्या असल्या तर त्या जुन्या पेट्यांतून काढलेल्या असतात. ‘पॅरिस’ हे तर आता आवाजाच्या जातीचं नाव झालं आहे. नावावर पैसे मोजण्याऐवजी झाकण उघडायला लावा. पितळी जीभ रीडच्या पत्र्याच्या खाचेत दोन्ही बाजूंनी सारखी फट ठेवून बसली आहे का, टोकाशी जिभेची उचल सगळ्या रीड्सना क्रमानं बदलते का, ते पाहा. उचल फार कमी असेल तर जोरात भाता मारल्यावर रीड गुदमरते, वाजतच नाही. फार जास्त असेल तर स्वर उशिरा लागतो आणि हवा खाते. हळू भात्यावर खर्जाचा सा लगेच बोलला तर कारागीर जाणता आहे असं समजायला हरकत नाही.

ट्यूनिंग तपासताना खर्ज आणि नर दोन्ही ओळी उघडा आणि एकेक पट्टी धरून ठेवा. आवाजात ‘वाँव-वाँव’ अशी लाट आली तर दोन रीड्समध्ये अंतर आहे. ४४० आणि ४४२ हर्ट्झचे दोन स्वर एकत्र वाजले की सेकंदाला बरोबर दोन लाटा ऐकू येतात. एखाद-दुसऱ्या पट्टीवर मंद लाट असेल तर ती दुकानातच दुरुस्त होते: जिभेचं टोक घासलं की स्वर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. पण निम्म्या पट्ट्यांवर लाट असेल तर पेटी घाईत लावली आहे. भाता हलका आणि जोराचा असा दोन्ही मारून पाहा. जोर वाढला की पेटीच्या रीडचा स्वर किंचित उतरतोच, पण तो कानाला टोचण्याइतका उतरत असेल तर पातळ घासलेल्या रीड्सचा संशय घ्यावा.

आमचं खरं भांडण इथून सुरू होतं. दुकानातून येणारी पेटी बारा समान भागांत लावलेली असते. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर अशा पेटीचा शुद्ध गांधार ४०० वर बसतो. तानपुऱ्यातून ऐकू येणारा गांधार ३८६ च्या आसपास असतो. निषाद १२ सेंट चढा, कोमल गांधार १६ सेंट उतरलेला. १९४० साली आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं, त्यामागच्या आक्षेपांत मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) न येण्याबरोबर हाही एक होता. ख्यालवाल्याचं म्हणणं असं की लांब आलापीत हा गांधार गवयाच्या गांधाराशी भांडतो, म्हणून पेटी ‘गांधार ट्यूनिंग’मध्ये, म्हणजे एक सा पक्का धरून तानपुऱ्याच्या हिशोबानं लावून घ्यावी.

आणि तसं केलं की स्केल चेंजर निरुपयोगी होतो. काळी एकला (सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून) अशी लावलेली पेटी दोन घरं सरकवून काळी दोनला नेली, तर जुना रिषभ सा होतो आणि जुना धैवत पंचम. रिषभ २०४ सेंटवर, धैवत ८८४ वर. मधलं अंतर ६८०. पंचम हवा ७०२ वर. २२ सेंटनी उतरलेला पंचम तानपुऱ्यासमोर एक क्षणही सहन होत नाही. चेंजरही हवा आणि गांधार ट्यूनिंगही हवं, असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘हो, करून देतो’ म्हणणारं दुकान टाळा. (डॉ. विद्याधर ओक यांची २२ श्रुतींची (सप्तकाच्या सूक्ष्म स्वरस्थानांची) पेटी हा वेगळाच मार्ग आहे. तिच्यावर हात बसवायला निराळा रियाज लागतो, सर्वसाधारण साथीदारासाठी ती पहिली पेटी नव्हे.)

नाट्यसंगीतवाल्याचं उत्तरही वजनदार आहे. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात एका बैठकीत चार गाणारे असतात. पुरुष काळी एक किंवा पांढरी दोन, बाई काळी चार किंवा पाच, मध्येच एखादं द्वंद्वगीत. तिथे कुणाच्या तरी एकाच सा ला शुद्ध लावलेली पेटी काय कामाची? पदाच्या लयीत, तबल्याच्या ठेक्यावर, १४ सेंट कुणाला टोचत नाहीत. चुकलेलं बोट मात्र लगेच कळतं. शिवाय कपलर लावून खर्ज-नर दोन्ही उघडल्यावर जो भरणा येतो तो दीनानाथसारख्या मोठ्या नाट्यगृहात लागतोच. इथे ख्यालवालाही मान डोलावतो. त्याचा आक्षेप कपलरच्या वजनावर: एक पट्टी दाबताना दुसरीचाही भार बोटावर येतो आणि द्रुत ताना जड होतात. तेव्हा कपलर सहज बंद करता येतो ना, आणि बंद केल्यावर त्याच्या तारा खुळखुळत नाहीत ना, एवढं बघून घ्या.

शिकणाऱ्यांना मात्र आम्ही दोघंही एकच सांगतो: चेंजर घेऊ नका. पहिली चार-पाच वर्षं सगळे राग एकाच जागेवरून वाजले की बोटांना काळी चारची, पांढरी तीनची वाटच कळत नाही. पुढे दुसऱ्याची साधी पेटी समोर आली की हात अडखळतो. ३९ पट्ट्यांची, दोन ओळींची, चेंजर नसलेली पेटी घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या रीड्सवर घाला. हरिभाऊ विश्वनाथसारख्या, दादरमधल्या १९२५ पासूनच्या पेढीत गेलात तर अशी साधी पेटी आवर्जून मागावी लागेल. मागितल्याशिवाय ती पुढे येत नाही, कुठल्याच दुकानात.

ज्यांना चेंजर खरंच लागतो त्यांना नऊ स्केल पुरतात. दोन-तीन जागांवरून वाजवण्याची तयारी असली की बाराही स्वर हाताशी येतात. अकरा किंवा तेरा स्केलच्या पेटीत फक्त वजन आणि सांधे वाढतात. वजनाचा मुद्दा मुंबईत हलका नाही. १५ किलोची पेटी घेऊन दादरचा पूल संध्याकाळी सहा वाजता चढून बघा. टॅक्सीच्या डिकीत सीएनजीची टाकी असते, पेटी मांडीवर किंवा सीटवर येते. सूटकेस बांधणीचा खरा उपयोग इथे होतो, पण तिच्या कड्या आणि बिजागऱ्या पितळी, जाड हव्यात. पातळ पत्र्याची कडी पहिल्या पावसाळ्यात गंजते.

पावसाळ्याचं थोडं आणखी. जून ते सप्टेंबर सागवानही फुगतं, पट्ट्या एकमेकींना घासून अडकतात. लगेच पॉलिशपेपर मारू नका. ऑक्टोबरच्या उन्हात लाकूड बसलं की तिथे फट पडते आणि पट्टी डुलायला लागते. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, महिन्याला बदला, आणि रोज दहा मिनिटं का होईना भाता चालवा, म्हणजे आतली दमट हवा हलते. बंद पेटीत झुरळं आणि कसर आधी नमदा खातात. रीडमध्ये घरघर आली तर बहुधा धूळ असते: पातळ कागदाची कड जिभेखालून अलगद फिरवा, पिन किंवा ब्लेड नको. न दाबता वाजणारा स्वर म्हणजे झडपेखाली कचरा किंवा ढिली स्प्रिंग. साध्या पेटीत ही दुरुस्ती गल्लीतला कारागीर करतो. चेंजर पेटी शक्यतो बनवणाऱ्याकडेच न्यावी, कारण चौकट एकदा वाकडी बसली की सगळ्या खाचा चुकतात.

बिलावर रीड्सचा प्रकार, ओळी, स्केलची संख्या आणि ४४० हर्ट्झच्या प्रमाण स्वराला लावल्याचं लिहून घ्या. नव्या रीड्स पहिल्या काही महिन्यांत थोड्या सरकतात, म्हणून एक ट्यूनिंग फुकट मिळतं का ते विचारा. ते दिवाळीनंतरच करून घ्या: गणपती-नवरात्रात कारागिराला श्वास घ्यायला वेळ नसतो, आणि दमट हवेत घाईनं लावलेली पेटी नोव्हेंबरात पुन्हा त्याच्याकडेच न्यावी लागते.