दोन्ही छप्पन्नच, पण बाउन्स वेगळा: नाशिककर गोल्फरनं वेज कसा निवडावा?

मे महिन्यात एका संध्याकाळी माझ्याबरोबर खेळणाऱ्या एका तरुणाचा फोन आला. सातपूरच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, गोल्फ सुरू करून तीन वर्षं झालीत. "काका, मुंबईत दुकानात उभा आहे. हे म्हणतायत बावन्न, छप्पन्न, साठ असे तीन वेज घेऊनच टाका. घेऊ का?"

मी विचारलं, "तुझा पिचिंग वेज किती अंशांचा आहे?"

तो गप्प.

"मग आज काही घेऊ नकोस. रविवारी बॅग घेऊन घरी ये."

नाशिकमध्ये 'गोल्फ क्लब' म्हटलं की रिक्षावाला त्र्यंबक रोडच्या मैदानावर नेऊन सोडतो. कागदोपत्री ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथे रणजीचे सामने होतात, सकाळी लोक फिरायला येतात, गोल्फ मात्र फक्त नावात उरलाय. अशा गावात वेजबद्दल, म्हणजे चेंडू उंच उचलून जवळ टाकणाऱ्या क्लबबद्दल (गोल्फच्या काठीबद्दल), चार शब्द विचारावेत असा माणूस पटकन सापडत नाही. म्हणून त्या रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर जे बोलणं झालं, ते जरा सविस्तर लिहितोय.

लॉफ्ट: दोन की तीन?

त्याच्या पिचिंग वेजचा (आयर्न सेटबरोबर येणारा वेज) लॉफ्ट, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या चेहऱ्याचा कल, कंपनीच्या वेबसाइटवर सापडला: ४४ अंश. मी माझा जुना सेट काढला, त्यातला पिचिंग वेज ४८ अंशांचा. दोन्हींवर अक्षर तेच, 'पी'. फरक चार अंशांचा. अलीकडे लांब अंतरासाठी बनवलेल्या आयर्न (लोखंडी क्लब) सेटमध्ये लॉफ्ट कमी करत आणलेत, त्यामुळे पिचिंग वेज ४३ ते ४५ वर आलाय. पूर्वी तो ४७-४८ असायचा. बावन्न-छप्पन्न-साठ हा त्रिकुटाचा हिशेब त्या जुन्या ४८ ला धरून बसतो: ४८, ५२, ५६, ६०, दर चार अंशांनी एक पायरी. माझ्या बॅगेत तो चपखल बसेल. त्याच्या बॅगेत ४४ नंतर थेट ५२.

आठ अंश म्हणजे किती? एका अंशाला साधारण अडीच यार्ड धरा. तो पिचिंग वेज पूर्ण स्विंगनं ११५ यार्ड मारतो. म्हणजे ५२ अंशांचा वेज ९५ च्या आसपास जाणार आणि मधल्या वीस यार्डांत त्याच्याकडे क्लबच नाही. आणि शनिवार-रविवार खेळणाऱ्या माणसाला पार-फोरवर (चार फटक्यांच्या होलवर) तिसरा फटका नेमका याच पट्ट्यात येतो. तिकडे खाली मात्र ५६ आणि ६० अशी दाटी, जिथे तो पूर्ण स्विंग क्वचितच घेतो.

म्हणून आम्ही तीन पर्याय शेजारी शेजारी ठेवले.

५०-५६: पायऱ्या सहा-सहा अंशांच्या. क्लब दोनच, त्यामुळे लांब फटक्यांचा हायब्रिड क्लब बॅगेत राहतो. मधली अंतरं अर्ध्या-पाऊण स्विंगनं काढावी लागतात.

४८-५२-५६: पायऱ्या चार-चारच्या, ग्रीनवर (खड्ड्याभोवतीच्या हिरवळीवर) येणारा जवळजवळ प्रत्येक फटका पूर्ण स्विंगचा. पण बॅगेत चौदाच क्लब ठेवायला परवानगी. हा नियम अमेरिकेत १९३८ पासून आणि आर अँड ए या ब्रिटिश नियामक संस्थेकडे १९३९ पासून आहे. तिसरा वेज आला की काहीतरी बाहेर काढावंच लागतं.

५२-५६-६०: ज्याचा पिचिंग वेज ४७-४८ चा आहे, त्याच्यासाठी उत्तम. बाकीच्यांनी नाद सोडावा.

माझं मत स्पष्ट आहे: पिचिंग वेज ४३ ते ४५ चा असेल आणि आठवड्यातून एकदाच खेळणं होत असेल, तर ५०-५६ घ्या. त्यातला ५० शक्यतो तुमच्या आयर्न सेटचाच घ्या, कारण तो पूर्ण स्विंगनं मारायचा क्लब आहे आणि कॅव्हिटी-बॅक (मागून पोकळ) असल्यानं मध्यावर न लागलेला चेंडूही बऱ्यापैकी नेतो. ५६ मात्र वेगळा, खास वेज म्हणून बनवलेला घ्या. चेहरा उघडायचा (आकाशाकडे वळवायचा), बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) काढायचं, ही कामं त्याचीच.

बाउन्स: खरी निवड इथे आहे

माझ्याकडे ५६ अंशांचे दोन वेज आहेत. एकाचा बाउन्स ८, दुसऱ्याचा १४. दोन्ही टेबलावर टेकवून, शाफ्ट (दांडा) सरळ उभा धरून, डोळे टेबलाच्या कडेच्या पातळीवर आणून बघायला सांगितलं. ८ वाल्याची पुढची धार टेबलाला जवळजवळ चिकटलेली. १४ वाल्याची धार चांगलीच वर, आणि तळाचा मागचा भाग टेबलावर टेकलेला. हा जो तळ मागे खाली उतरतो, तो कोन म्हणजे बाउन्स. लॉफ्ट चेंडू किती उंच जाणार ते ठरवतो, बाउन्स जमिनीशी कसं वागायचं ते ठरवतो.

ही कल्पना रूढ केली ती अमेरिकन गोल्फर जीन सॅराझेननं. विमान उडताना शेपूट खाली झुकते आणि नाक वर उचललं जातं, हे बघून त्यानं आपल्या निब्लिकच्या (जुन्या काळच्या जास्त लॉफ्टच्या क्लबच्या) तळाला झाळ लावून मागची बाजू जाड केली. तो क्लब घेऊन १९३२ मध्ये इंग्लंडमधल्या प्रिन्सेस कोर्सवर त्यानं ब्रिटिश ओपन जिंकलं. तोवर बंकरमध्ये धारदार क्लब वाळूत रुतायचे. जाड तळ वाळूवर घसरायला लागला.

आता हे दोन छप्पन्न आपल्या जमिनीवर.

मे महिन्यात, जिथे पाणी पोचत नाही अशा कडेला काळी माती तडकलेली असते. चेंडू जवळजवळ उघड्या जमिनीवर पडलेला. इथे १४ वाला तळ आपटून उडतो, धार चेंडूच्या पोटावर लागते आणि चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडे. ८ वाला धारेनं चेंडूखाली शिरतो.

ऑगस्टमध्ये चित्र उलटं. तीच काळी माती पाणी पिऊन लोण्यासारखी झालेली. इथे ८ वाला वेज चेंडूच्या थोडा जरी मागे उतरला तरी नांगरासारखा खाली जातो आणि चेंडू दोन हात पुढे सरकतो. १४ वाला तेवढीच चूक पोटात घालून घसरत पुढे जातो.

थंडीत, निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत, सकाळी गवतावर दव असतं आणि वरचा थर मऊ असतो. दहापर्यंत बाउन्स जास्त असलेला बरा, ऊन वर आलं की फरक कमी होतो.

पण बंकरमध्ये हिशेब फिरतो, आणि इथे बरेच जण फसतात. कोरडी, मऊ, खोल वाळू असेल तर १४. पावसाळ्यात मात्र वाळू भिजून दबते, कडक होते, आणि तिथे जास्त बाउन्स उसळून चेंडूवर आदळतो. म्हणजे एकाच पावसाळी फेरीत फेअरवेला (मधल्या कापलेल्या गवताला) जास्त बाउन्स हवा आणि बंकरला कमी. म्हणूनच मी सांगतो, बॅगेतल्या दोन्ही वेजचा बाउन्स सारखा ठेवू नका. ५० ला ८, ५६ ला १२ असं ठेवलं की भिजलेल्या बंकरमध्ये ५० चा चेहरा थोडा उघडून काम भागतं.

आणखी एक गोष्ट गवताची. आपल्याकडच्या बहुतेक कोर्सवर बर्म्युडा गवत असतं, म्हणजे आपली हरळीच. तिची पाती एका बाजूला झुकून वाढतात. ग्रीनच्या कडेला पाती तुमच्या दिशेनं झुकलेली असतील तर कमी बाउन्सची धार त्यांच्यात अडकते. गवताकडे वाकून बघा: चकाकी दिसली तर पाती तुमच्यापासून दूर झुकलीत, गडद दिसलं तर तुमच्याकडे. गडद असेल तेव्हा जास्त बाउन्सचा वेज हातात घ्या.

तुमचा स्विंग कोणता?

जमिनीइतकाच महत्त्वाचा तुमचा डिव्हट, म्हणजे फटक्यानं उखडलेला मातीचा तुकडा. त्या तरुणाचे डिव्हट मी बघितलेत: भाकरीएवढे जाड, पुढच्या टोकाला खोल. तो वरून उतरतो आणि हात चेंडूच्या बराच पुढे नेतो. शाफ्ट पाच अंश पुढे झुकला की लॉफ्टही पाच अंशांनी कमी होतो आणि बाउन्सही. म्हणजे ८ चा बाउन्स त्याच्या हातात ३ उरतो. अशा माणसाला १२ ते १४ च हवा. याउलट माझा एक देवळालीचा मित्र चेंडू झाडूनं काढल्यासारखा उचलतो, त्याचा डिव्हट पापडाएवढा पातळ. त्याला ८ ते १० पुरतो, १४ दिला तर धार चेंडूच्या डोक्यावर लागत राहील.

डिव्हट बघायचा तो गवतावरच. सरावाच्या रेंजवरच्या मॅटवर वेज तपासू नका. मॅटवर क्लब चेंडूच्या दोन इंच मागे पडला तरी घसरून नीट लागतो आणि कमी बाउन्सचा वेज उगाच चांगला वाटतो.

साठबद्दल

काही वर्षांपूर्वी एका दुकानात मला ६० अंशांचा, ४ बाउन्सचा वेज देण्यात आला. माझा स्विंग, माझी जमीन, कशाबद्दल एक प्रश्न नाही. उन्हाळ्यात तो बरा चालला. पहिल्या पावसानंतर दोन महिने मी ग्रीनच्या कडेवरून फटका गमावत राहिलो आणि दोष स्वतःच्या मनगटांना देत राहिलो. मित्राचा १० बाउन्सचा साठ उसना घेऊन मारला, तेव्हा कळलं. म्हणून साठ घ्यायचाच असेल तर ८ ते १० बाउन्सचा घ्या, आणि तोही आठवड्यातून दोनदा ग्रीनच्या कडेला सराव करणार असाल तरच. चेंडूखाली गवताची गादी नसेल तर साठ कुणाचंच ऐकत नाही.

ग्राइंडबद्दल, म्हणजे तळ घासून दिलेल्या आकाराबद्दल, थोडंच. तळाची टाच किंवा मागची कड घासलेली असेल तर चेहरा उघडून मारणं सोपं जातं. तुम्ही चेहरा उघडतच नसाल तर पूर्ण तळाचा घ्या. टायटलिस्टच्या वोकी वेजवर ५६.१४ एफ असं कोरलेलं असतं: लॉफ्ट ५६, बाउन्स १४, एफ म्हणजे पूर्ण तळाचा ग्राइंड. जुना वेज घेत असाल तर चेहऱ्याच्या मध्यभागी खाचांवरून नख फिरवा. नख अडकलं नाही तर चेंडूला फिरकी मिळणार नाही, स्वस्त असला तरी सोडून द्या.

त्या तरुणानं शेवटी आपल्या सेटचाच ४९ अंशांचा गॅप वेज (पिचिंग वेज आणि ५६ यांच्या मधला) घेतला आणि ५६ अंशांचा, १२ बाउन्सचा एक वेगळा. हायब्रिड बॅगेत राहिला. जुलैमध्ये दोन दिवसांच्या झडीनंतर आम्ही खेळलो. सातव्या होलवर त्याचा चेंडू ग्रीनच्या अलीकडे पंचवीस यार्डांवर, चिखलाच्या कडेला. तो थोडा मागेच उतरला, मला आवाजावरून कळलं. तळ मातीवरून घसरला, चेंडू ग्रीनवर चढला आणि खड्ड्यापासून चार पावलांवर थांबला. त्यानं वेज उलटा करून तळावरचा चिखल बोटानं पुसला. चिखल मागच्या कडेलाच लागला होता, धार स्वच्छ होती.