सरकतं दार की बिजागरीचं? ईको आणि अर्टिगा शेजारी उभ्या करून

कानबाईच्या सणाला घरची सगळी माणसं गावी न्यायची, लग्नसराईत भर बाजारात उतरवायची, तेव्हा इंजिनापेक्षा दारच जास्त जाणवतं. मारुतीच्या ईकोला मागे सरकतं दार, मारुतीच्याच अर्टिगाला बिजागरीचं. ईकोची रुंदी १,४७५ मिलिमीटर, अर्टिगाची १,७३५. हा झाला दहा इंचांचा फरक. त्यावर अर्टिगाच्या मागच्या दारातून नीट उतरायचं तर बाजूला दोनेक फूट मोकळे हवेत. ईकोचं दार आधी चार-सहा बोटं बाहेर येतं आणि मग मागे सरकतं. भिंतीला लागून गाडी लावायची वेळ रोजची असेल, नऊवारीतल्या आजी आणि कडेवरचं लेकरू घरात असेल, तर ईको घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मात्र सरकतं दार चालतं कसं, हे घेणाऱ्याला माहीत हवं. वर, खाली आणि बाहेरच्या पत्र्यावर मध्ये, अशा तीन रेल असतात. प्रत्येकीत रोलर. वजनाचा मोठा भार खालच्या रोलरवर येतो, आणि खालची रेल नेमकी पाय ठेवायच्या जागेजवळ. आपल्याकडची काळी माती चपलांबरोबर तिथेच जाते. दार जड झालं की लोक इंजिन ऑइल ओततात. तिथेच चुकतं. तेलात धूळ बसून लगदा होतो आणि रोलर फिरायचा थांबून घासू लागतो. कोरड्या ब्रशने रेल साफ करावी, ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यावी, आणि पांढरं लिथियम ग्रीस फक्त रोलरच्या पिनेला बोटभर लावावं. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी. रेलमधलं पाणी जायची भोकं काडीने मोकळी करावीत. ती बुजली की पावसाळ्यात पत्रा आतून गंजतो.

दुसरी गोष्ट उताराची. शोरूमच्या सपाट फरशीवर कुठलंही दार शहाणं वागतं. गाडी तोंड खाली करून उभी करा, दार पूर्ण उघडा आणि हात सोडा. उघडं दार धरून ठेवणारा खटका झिजला असेल तर ते आपोआप पुढे येऊन बंद होतं, आणि मुलांची बोटं सापडतात. कन्नड घाटात थांबणाऱ्यांनी हे आधीच तपासलेलं बरं.

सरकत्या दाराचा एक धोका सहसा कुणी सांगत नाही. बिजागरीचं दार उघडलं की मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ते दिसतं. सरकतं दार फारसं बाहेर येत नाही, त्यामुळे पोरगं थेट रस्त्यावर उतरतं आणि मोटारसायकलवाल्याला अंदाजच येत नाही. उजव्या दाराचा चाइल्ड लॉक (दार आतून उघडू न देणारी कळ) कायम लावून ठेवा, सगळ्यांना डावीकडूनच उतरवा.

अर्टिगाच्या बाजूने बोलायचं तर लांबचा प्रवास. धुळ्याहून जळगावमार्गे नागपूरकडे जाताना रबर बीडिंग चारही बाजूंनी घट्ट बसलेलं दार धूळ आणि वाऱ्याचा आवाज चांगला अडवतं. सरकत्या दाराचं रबर अगदी शेवटच्या दोन इंचांत दाबलं जातं; जोर कमी पडला तर दार अर्धवट लागतं आणि फट राहते. म्हणून लोक ते आदळतात, आणि हँडलची आतली तार तुटते. बिजागरीच्या दाराला त्रास वावटळीचा. दार मध्येच रोखून धरणारी पट्टी ढिली झाली की वारा ते पायावर आणून आपटतो.

जुनी ईको किंवा २०१९ मध्ये बंद झालेली ओम्नी घेताना दार अर्धं उघडून मागच्या टोकाखाली हात घाला आणि वर उचला. वर-खाली हललं तर रोलर गेले आहेत. रोलर बदलता येतात, फार मोठं काम नाही. पण बाहेरच्या रेलवर पुट्टी भरून रंग मारलेला दिसला, तर तिथे पूर्वी ठोकर बसलेली आहे. रेल वाकलेली असेल तर नवा रोलरही लवकर झिजेल. अशी गाडी सोडून द्या.