कोळशाचा स्टोव्ह घेताना: स्टोकर की हाताने भरायचा?

अमेरिकेतल्या ईशान्य पेनसिल्व्हेनियात, स्क्रँटन आणि विल्क्स-बॅरीच्या पट्ट्यात, तिथलाच अँथ्रासाइट, म्हणजे कठीण दगडी कोळसा अजूनही कित्येक घरं तापवतो. आपल्या बंबासारखा धूर नाही, निळसर ज्योत आणि भरपूर ऊब. तिकडे घर घेतलंत, तर कोणता स्टोव्ह बसवायचा हे आधी ठरवा, कारण एकाचा कोळसा दुसऱ्याला चालत नाही.

स्टोकर म्हणजे आपोआप कोळसा घेणारा स्टोव्ह. त्याला 'राइस' लागतो, पाव इंचाच्या आसपासचे दाणे. ते हॉपरमध्ये, म्हणजे साठ्याच्या पेटीत, ओतायचे. थर्मोस्टॅटने मागणी केली की फीडर कोळसा जाळीवर सरकवतो, पंखा खालून हवा देतो आणि जळून झालेली राख पुढच्या कडेवरून पॅनमध्ये पडते. डोकं लागतं ते फीड, म्हणजे कोळसा किती सरकावा ते, बसवताना. स्टोव्ह पूर्ण जोरात असताना कडेला इंचभर राखेची पट्टी दिसली पाहिजे. पॅनमध्ये लाल निखारे पडत असतील तर फीड जास्त झालं. पट्टी रुंदावून आग मागे हटत असेल तर कमी पडतंय. एकदा जमलं की रोजचं काम हॉपर भरणं आणि पॅन रिकामा करणं एवढंच. तेही टळत नाही: कोळशाच्या वजनाच्या साधारण दहावा हिस्सा राख निघते, आणि ती झाकणाच्या पत्र्याच्या बादलीतच टाकायची.

हाताने भरायच्या स्टोव्हला मोठा 'नट' कोळसा. सकाळ-संध्याकाळ जाळी हलवून राख पाडायची, मग भर घालायची. वरून सळईने ढोसू नका, अँथ्रासाइटला ते सोसत नाही. भर घालताना एका कोपऱ्यात निखारे उघडे ठेवायचे. नाहीतर साठलेला वायू एकदम भडकतो. सौम्य हवेत चिमणीचा ओढा मंदावतो, तेव्हा आग टिकवणं कटकटीचं. पण बर्फाच्या वादळात लाइट गेली की स्टोकर विझत जातो, हा मात्र चालू राहतो.

दिवसभर घराबाहेर असाल तर माझं मत स्टोकरला, सोबत छोटा जनरेटर. लाइट वारंवार जात असेल आणि घरात कुणी असेल तर हाताचा घ्या. स्टोकरचा धूरनळ पंख्याच्या जोरावर भिंतीतून काढता येतो. तरी चांगली चिमणी असेल तर तिलाच जोडा, पंखा बंद पडला तर वायू घरात शिरायला नको.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दोन्हींना हवाच. हंगाम संपला की पाइप लगेच झाडून घ्या. आतल्या राखेला उन्हाळ्यात ओल लागली की आम्ल होऊन पत्रा सडतो.