मोहसच्या दगडांची पेटी: महिनाभर वापरल्यावर

माझे वडील पाथरवट. साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, आमच्या दारात चाळीस वर्षं पाटे-वरवंटे आणि जाती घडली. त्यामुळे दगडांची कठिणता तपासायचा हा संच मी मुलीच्या नववीच्या प्रकल्पासाठी मागवला खरा, पण अण्णांच्या हातात तो कधी देते असं मला झालं होतं.

ऑनलाइन १,४५० रुपयांना मिळाला. कठीण खड्याचा मऊ खड्यावर ओरखडा उठतो, त्यावरून मोहसनं खनिजांचा क्रम लावला. लाकडी पेटीत नऊ कप्पे, सगळ्यात मऊपासून कठीणाकडे: १ शंखजिरे, २ जिप्सम, ३ कॅल्साइट, ४ फ्लोराइट, ५ अ‍ॅपेटाइट, ६ ऑर्थोक्लेज, ७ क्वार्ट्झ म्हणजे आपली गार, ८ पुष्कराज, ९ कुरुंद. दहावा हिरा, तो अर्थातच नाही. खडे अंगठ्याएवढे आणि कडा ताज्या फोडलेल्या, हे महत्त्वाचं. गुळगुळीत खड्यानं ओरखडा नीट उठत नाही. अ‍ॅपेटाइटचा तुकडा मात्र चिमटीत धरता येत नाही इतका बारीक.

सोबतच्या पुस्तिकेनं निराशा केली. मोहसबद्दल ‘एक जर्मन प्राध्यापक’ एवढंच. फ्रिडरिश मोहस १७७३ मध्ये जर्मनीत, हार्झ डोंगराजवळच्या गेर्नरोडला जन्मला. फ्रायबर्गच्या खाण अकादमीत वेर्नर या खनिजशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकला आणि १८०१ मध्ये नॉयडॉर्फच्या खाणीत मुकादम झाला. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात एका सावकाराच्या खनिजसंग्रहाची यादी करायचं काम त्याला मिळालं. हजारो खडे, प्रत्येकाला नाव द्यायचं, तर ओळख पटवायची कशावरून? ओरखडून पाहायची रीत त्याच्या आधीपासूनच होती. त्यानं ती दहा पायऱ्यांत बसवली. १८१२ मध्ये तो ग्राझला शिकवू लागला, १८१८ मध्ये वेर्नरच्या जागी फ्रायबर्गला आला, मग पुन्हा व्हिएन्ना, आणि शेवटी ऑस्ट्रियाच्या खाण खात्यात अधिकारी. १८३९ मध्ये आज इटलीत असलेल्या आगोर्दोला वारला. खाणीत उतरलेल्या माणसाची ही ओळख पुस्तिकेत हवीच होती. अण्णांना मी एवढंच सांगितलं, की हा आधी खाणीवर मुकादम होता. ते लगेच सरसावून बसले.

विहीर खणताना निघालेला एक पांढरा, पाकळ्यापाकळ्यांचा खडा आमच्या कोनाड्यात कित्येक वर्षं पडून होता. त्याचा कॅल्साइटवर ओरखडा उठला. फ्लोराइटचा त्याच्यावर उठला. म्हणजे तीन आणि चारच्या मध्ये. लिंबू पिळलं तरी फसफसला नाही, मोत्यासारखी झाक आहे, तेव्हा स्टिल्बाइट नावाचं खनिज असावं. आपल्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत तो मुबलक सापडतो. ओरखड्यावर बोट फिरवून भुकटी पुसायला विसरू नका, नाहीतर मऊ खड्याची पूडच ओरखड्यासारखी दिसते.

आता तक्रार. आठ नंबरचा खडा सातवर घासला तर काही उठेना. अण्णांनी दोन्ही तळहातांवर तोलले आणि म्हणाले, “हे दोन्ही एकच हायत. गार हाय ही.” बरोबर होतं. पुष्कराज गारेपेक्षा चांगलाच जड लागतो, आणि सातवर त्याचा ओरखडा उठायलाच हवा. विकणाऱ्याला व्हिडिओ पाठवला. त्यानं वाद न घालता दहा दिवसांत दुसरा खडा धाडला. तो खरा निघाला. पण शाळेसाठी घेणाऱ्यांनी पेटी आली की पहिल्याच दिवशी सगळे खडे क्रमानं एकमेकांवर घासून बघावेत.

आकड्यांबद्दल मुलांना एक गोष्ट सांगायलाच हवी: हा फक्त क्रम आहे, माप नाही. आठ म्हणजे चारच्या दुप्पट कठीण असं होत नाही. नऊ आणि दहामधली दरी तर खालच्या कुठल्याही दोन पायऱ्यांपेक्षा कितीतरी मोठी.

खडे चांगले, पुस्तिका भिकार, विक्रेता ऐकणारा: पाचपैकी चार. नऊ नंबरचा कप्पा सध्या रिकामा असतो. कुरुंदाचा खडा अण्णांच्या उशाशी आहे. संध्याकाळी ते जुन्या छिन्नीच्या टोकावर तो हळूच ओढून बघतात.