बोली लावायची तर कुठे: अपवर्क, फ्रीलान्सर की फायव्हर?

सोलापुरात राहून इंटरनेटवरून बाहेरचं सुटं काम घ्यायचं म्हटलं की कामं मिळवून देणाऱ्या साइट्समधली हीच तीन नावं पुढे येतात. बहुतेक जण कमिशनचा टक्का बघून ठरवतात. मी आधी बघेन, काम हातात पडण्यापूर्वी खिशातून किती जातं.

अपवर्कवर प्रत्येक बोलीला, म्हणजे काम मागणाऱ्या प्रस्तावाला, कनेक्ट्स (साइटची टोकनं) खर्च होतात, एक कनेक्ट ०.१५ डॉलरला. बारा कनेक्ट्सच्या कामावर बोली लावली की १.८० डॉलर गेले, समोरच्याने प्रस्ताव उघडला नाही तरी. म्हणून दिसेल त्या कामावर तोच मजकूर चिकटवणं इथे महागात पडतं. पण पैशाची हमी इथली मला जास्त पटते. ठरीव रकमेच्या कामात ग्राहकाने पैसे आधी एस्क्रोमध्ये, म्हणजे काम होईपर्यंत साइटकडे राखून, भरलेत का ते दिसतं, आणि ते दिसेपर्यंत कामाला हात लावू नये. तासाच्या कामात तुमच्या स्क्रीनचे फोटो निघत राहतात. काहींना ते जाचक वाटतं, वाटणारच.

फ्रीलान्सर डॉट कॉमवर महिन्याला थोड्या बोली फुकट मिळतात, म्हणून नवखे तिकडे वळतात. मेख पुढे आहे. ठरीव रकमेच्या कामावर फी १० टक्के किंवा ५ डॉलर, यातलं जे जास्त असेल ते. ३० डॉलरच्या कामात सहावा हिस्सा गेला. शिवाय ही फी काम स्वीकारतानाच कापतात, ग्राहकाचे पैसे येण्याआधी. लहान कामांसाठी मी ही साइट शेवटी ठेवेन.

फायव्हरवर मुख्यतः तुम्ही दुकान मांडता, गिऱ्हाईक येतं. कमिशन सरळ २० टक्के. लोगो, व्हॉइसओव्हर, भाषांतर अशा ठरीव मापाच्या कामांना ते परवडतं. मराठीबरोबर घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणारे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. त्या भाषा नीट लिहिताही येत असतील तर अशांनी आधी फायव्हर बघावं. कोडिंग किंवा महिनोन्महिने चालणारं काम करणाऱ्यांनी अपवर्क.

तिन्हीकडे एक पथ्य सारखंच: ‘टेलिग्रामवर या’ किंवा ‘आधी डिपॉझिट भरा’ म्हणणाऱ्याला तिथेच रामराम.

प्रोफाइल रिकामं असेल तर बोली लावण्याआधी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्याचा कॅटलॉग करून द्या. पैसे कमी मिळतील, पण खरा नमुना मिळेल. तो प्रोफाइलवर टाकायची परवानगी मात्र मालकाकडून लेखी घ्या, डिझाइनच्या बाबतीत ही मंडळी फार जपून असतात.