शॅम्पेनसाठी फ्ल्यूट घ्यावा की ट्यूलिप?

शॅम्पेनचे ग्लास घ्यायला निघालं की खरी निवड दोघांतच असते. एक उंच, सडपातळ फ्ल्यूट. दुसरा मध्ये फुगीर आणि तोंडाशी आत वळलेला ट्यूलिप. पसरट कूप मी या तुलनेत धरतच नाही. दिसायला तो देखणा असतो, पण त्यातून वायू भराभर उडून जातो आणि वाइन लवकर मलूल होते.

फ्ल्यूटची बाजू आधी मांडतो, कारण ती कमजोर नाही. वाइनचा वरचा पृष्ठभाग लहान राहतो, त्यामुळे वायू टिकतो. बुडबुडा वर चढताना मोठा होत जातो, आणि फ्ल्यूटमध्ये चढण लांब असल्याने त्याची माळ सर्वांत सुंदर इथेच दिसते. ट्रेमध्ये जास्त ग्लास मावतात आणि गर्दीत हिंदकळून सांडत नाहीत. उभ्या-उभ्या टोस्ट करायचा असेल किंवा शॅम्पेनमध्ये संत्र्याचा रस घालायचा असेल, तर फ्ल्यूट पुरेसा आहे.

शॅम्पेन चाखायला बसलं की मात्र नाक आडवं येतं. फ्ल्यूटचं तोंड जेमतेम पाच सेंटिमीटरचं असतं. पहिले दोन घोट नीट जातात. वाइन अर्ध्याखाली गेली की ग्लास बराच कलता करावा लागतो; समोरची कड नाकाला टेकते, मग मान मागे टाकावी लागते, आणि घोट जिभेवर न पसरता सरळ घशाकडे जातो. त्याच वेळी अरुंद नळीत साचलेला कार्बन डायऑक्साइड नाकात शिरतो, तिथल्या ओलाव्यात विरघळून त्याचं आम्ल होतं आणि नाक झोंबतं. त्या झोंबण्यात वास हरवतो. फ्रान्सच्या शॅम्पेन भागातल्या रांस शहरातल्या विद्यापीठाचे शास्त्रज्ञ जेरार लिजे-बेलेर यांनी ग्लासवरचा हा वायू मोजला, तेव्हा फ्ल्यूटच्या तोंडाशी तो कूपपेक्षा बराच जास्त भरला.

हे किरकोळ वाटेल, पण शॅम्पेनचे पैसे आपण मोजतो ते कशासाठी? साधी, लेबलवर हंगामाचं वर्ष न लिहिलेली शॅम्पेनसुद्धा बाटलीत किमान १५ महिने मुरते, त्यांतले १२ यीस्टच्या साक्यावर. वर्ष लिहिलेली किमान तीन वर्षं. बेकरीतून नुकत्याच आणलेल्या पावाचा, भाजलेल्या बदामाचा जो वास येतो, तो या मुरण्यातून येतो. तो नाकापर्यंत पोचणार नसेल, तर इतकी वर्षं तळघरात सांभाळलेली बाटली नुसती फसफसणारी आंबट वाइन होऊन बसते. माझ्यापुरता निर्णय इथेच झाला.

ट्यूलिपमध्ये पोट रुंद असल्याने वास पसरायला जागा मिळते, आणि तोंड आत वळलेलं असल्याने तो निसटत नाही. नाक आत मावतं, मान सरळ राहते. रांसमधले सोमेलिए (वाइन निवडून देणारे जाणकार) फिलिप जामेस यांनी लेमान या काच बनवणाऱ्यांबरोबर शॅम्पेनसाठी खास असे फुगीर ग्लास घडवले, यावरून खुद्द शॅम्पेनच्या गावी वारं कुठे वाहतंय ते कळतं.

मात्र ट्यूलिप नीट न वापरल्यास तोही निराशा करतो. सर्वांत मोठी चूक म्हणजे तो काठोकाठ भरणं. सर्वांत रुंद भागापर्यंतच, साधारण १०० मिलिलिटर ओता. त्यावरची मोकळी जागा वासासाठी आहे. ग्लास तिरपा धरून कडेवरून सावकाश ओतलं की वायू कमी उडतो. वाइन ८ ते १० अंशांवर हवी: अर्धा बर्फ, अर्धं पाणी भरलेल्या बादलीत अर्धा तास, किंवा फ्रिजमध्ये तीन-चार तास. ग्लास दांडीनेच धरा, पोटाला तळवा लागला की वाइन तापते. पुण्या-नागपूरच्या एप्रिलमध्ये तर एका वेळी ७०-८० मिलिलिटरच ओतलेलं बरं. रेड वाइनसारखं गरागरा फिरवू नका. आधी न हलवता वास घ्या, मग दोन-तीन मिनिटं थांबून पुन्हा. ब्लां द ब्लांमध्ये, म्हणजे फक्त शार्दोनेसारख्या पांढऱ्या द्राक्षांच्या शॅम्पेनमध्ये, आधी लिंबाची साल, हिरवं सफरचंद आणि मग हळूहळू पाव उलगडतो.

धुण्यातही ट्यूलिप सरस वाटतो. बुडबुडे काचेतून जन्मत नाहीत. काचेला चिकटलेल्या सूक्ष्म तंतूंत अडकलेल्या हवेतून किंवा तळाला मुद्दाम कोरलेल्या ओरखड्यांतून ते सुटतात. फ्ल्यूटच्या तळाशी बोटं पोचत नाहीत, साबणाचा थर राहून जातो, आणि चांगल्या बाटलीतली माळही मुकी होते. दोष वाइनला दिला जातो. ग्लास कोणताही असो, आतून फक्त कडकडीत गरम पाण्याने विसळा, साबण लावायचाच तर कडेवरच्या ओठांच्या डागापुरता. मग सुती फडक्याने पुसा. कपाटात पालथा ठेवू नका, लाकडाचा वास आत कोंडतो.

पातळ ट्यूलिप लवकर फुटतो, हे मान्य करावं लागेल. घरी लहान मुलं किंवा घाईची मोरी असेल तर जाड काचेचे फ्ल्यूट समजण्यासारखे आहेत. नाशिककडच्या, शॅम्पेनसारख्याच बाटलीत दुसऱ्यांदा आंबवलेल्या पण कोवळ्या स्पार्कलिंग वाइनला फ्ल्यूटमुळे फारसं नुकसान होत नाही, असं मला वाटतं. मुरलेल्या शॅम्पेनला होतं.

नवे ग्लास घेण्याआधी एक करून पाहा. घरातला तोंडाशी निमुळता होणारा व्हाइट वाइनचा ग्लास आणि एक फ्ल्यूट शेजारी ठेवा, एकाच बाटलीतून दोन्हींत सारखी ओता, पाच मिनिटं थांबा आणि आधी फ्ल्यूट हुंगा.