घरपोच जिवाणू-चाचणी आणि यकृताची गाठ

गुहागरला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बंधूंना हिपॅटायटिस ‘बी’मुळे सिरॉसिस (यकृतावर व्रण पडून ते कडक होणे) झाला असून, डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार दर सहा महिन्यांनी त्यांची सोनोग्राफी आणि यकृताच्या कर्करोगाचा इशारा देऊ शकणाऱ्या एएफपी या प्रथिनाची रक्तचाचणी होते. ‘यकृताच्या कर्करोगाच्या गाठीतील जिवाणूंचा माग काढून धोका सांगतो’ ही जाहिरात वाचून पुतण्याने आतड्यातील जिवाणूंची घरपोच चाचणी मागवली. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही.

किटबद्दल तक्रार नाही. शौचाचा नमुना घेण्याचा चमचा, नमुना टिकवणारा द्रव भरलेली नळी आणि चक्क शुद्ध मराठीतील सूचना त्यात होत्या. जुलैच्या पावसात पार्सल चिपळूणलाच चार दिवस अडकले, परंतु नमुन्याला बर्फ लागत नसल्याने परतीची काळजी नव्हती. अहवाल पाच आठवड्यांनी आला. जिवाणूंच्या गटांची त्यातील यादी वाचनीय आहे. आहाराच्या सल्ल्यात किमची आणि किनोआ आहेत, कुळीथ किंवा ताक मात्र कुठेच नाही.

खरा आक्षेप शेवटच्या दोन पानांवर आहे. शौचात सापडलेल्या जिवाणूंवरून गाठीत कोण राहत असेल आणि त्यामुळे धोका किती, हे तिथे टक्क्यांत छापले आहे. आतडे आणि यकृत यांचा संबंध खराच आहे, कारण यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे ७५ टक्के रक्त आतड्यांकडून पोर्टल शिरेतून येते आणि त्याबरोबर जिवाणूंनी तयार केलेली द्रव्येही येतात. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत आलेल्या उंदरांवरील अभ्यासात, प्रतिजैविकांमुळे पित्ताम्लांत बदल घडवणारे क्लॉस्ट्रिडियम गटाचे जिवाणू घटले, तेव्हा यकृतात एनकेटी या संरक्षक पेशी वाढल्या आणि गाठींची वाढ रोखली गेली. परंतु तो परिणाम आतड्यात बसलेल्या जिवाणूंचा होता. गाठीच्या आत मुक्काम करणाऱ्यांची गोष्ट निराळी आहे.

२०२० मध्ये इस्राएलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी १,५२६ गाठी तपासून, जिवाणू कर्कपेशींच्या आणि प्रतिकारपेशींच्या आतही असतात, असे दाखवले. त्या गाठी सात प्रकारच्या कर्करोगांच्या होत्या, त्यांत यकृताचा कर्करोग नव्हता. यकृताच्या गाठींतही जिवाणूंचे अंश आढळल्याचे अभ्यास पुढे झाले, पण गाठीत जिवाणू इतके तुरळक असतात की प्रयोगशाळेतील रसायनांमधून आलेला जनुकीय कचरादेखील त्यांच्यासारखाच दिसू शकतो. ते रोग वाढवतात की रोगाने पोखरलेल्या जागी नुसते वस्तीला येतात, हेही अजून ठरायचे आहे.

अहवालाच्या तळटीपेत आधार म्हणून गाठींतील जिवाणूंच्या डीएनएविषयीचा, ‘नेचर’ या शोधपत्रिकेतील २०२० चा एक निबंध दिला आहे. पुनर्विश्लेषणात त्यातील बराचसा ‘जिवाणू’ डीएनए प्रत्यक्षात माणसाचाच असल्याचे आढळले आणि २०२४ मध्ये तो निबंध मागे घेतला गेला. आमचा अहवाल त्यानंतरचा आहे. हे मी कंपनीला लेखी कळवले, तेव्हा ‘आमची पद्धत संशोधनाधारित आहे’ एवढेच उत्तर आले.

कुतूहलापोटी आतड्यातील जिवाणू पाहायचे असतील तर किट वाईट नाही. यकृताच्या रुग्णाने मात्र ते सोनोग्राफीऐवजी घेऊ नये. शेवटची दोन पाने मी काढून टाकली आणि उरलेला अहवाल बंधूंच्या फाइलमध्ये, सोनोग्राफीच्या कागदांच्या मागे लावून ठेवला आहे.